लेश धातूंचे विलगन, आयन-विनिमयी

लेश धातूंचे विलगन, आयन-विनिमयी : नैसर्गिक पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी प्रमाणात विरघळलेले तांबे, शिसे, कॅडमियम, निकेल इत्यादी धातू सुधारित आयन-विनिमयी रेझिनावर धरून ठेवून, नंतर ते थोड्या अम्लात उतरवून घेण्याची पद्धती.

इंग्लंडमध्ये ॲडम्स व होम्स यांनी 1935 साली पहिली कृत्रिम आयन-विनिमयी रेझिने सिद्ध केली. परंतु सल्फॉनिक गटाचे साधे रेझीन आयनांची निवड मुख्यतः विद्युत् भारावरून करीत असल्यामुळे, ज्या समुद्रजलाच्या एका किलोग्रॅममध्ये सोडियम सुमारे 10.8 ग्रॅम, मॅग्नेशियम 1.3 ग्रॅम व कॅल्शियम 0.4 ग्रॅम असते, त्यात हे विपुल धातूच रेझिनाच्या जागा अडवून बसतात आणि लेश धातूंस थारा उरत नाही.

ही अडचण रेझिनात फेरफार करून दूर होते. एका प्रकारात स्टायरीन व डायव्हिनिलबेंझीन यांच्या बहुवारिकास इमिनोडायॲसिटेट गट रासायनिक बंधाने जोडतात. ‘चेलेक्स-100’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. हा गट खेकड्याच्या नांगीप्रमाणे धातूस एकाहून अधिक अणूंनी पकडतो (कीलेटबंध), आणि तांब्यासारख्या धातूंवरील त्याची पकड कॅल्शियमवरील पकडीपेक्षा कितीतरी दृढ असते. दुसऱ्या प्रकारात 8-हायड्रॉक्सिक्विनोलीन-5-सल्फॉनिक अम्लासारखे विक्रियाकारक ऋणायन-विनिमयी रेझिनावर चढवितात. त्यातील सल्फॉनेट गट रेझिनास चिकटून राहतो, तर ऑक्सिजन व नायट्रोजन धातूस धरतात.

रायली व टेलर यांनी 1968 मध्ये समुद्रजलासाठी कीलेटी रेझिनांचा उपयोग तपशीलवार मांडला. किंग्स्टन व सहकाऱ्यांनी 1978 मध्ये त्यास महत्त्वाची जोड दिली : पाणी स्तंभातून गेल्यावर पीएच सुमारे 5 ते 5.5 असलेल्या अमोनियम ॲसिटेटने कॅल्शियम व मॅग्नेशियम आधी धुऊन काढावे आणि मगच नायट्रिक अम्लाने लेश धातू उतरवावेत. एक लिटर पाण्यातील धातू 10 मिलिलिटर अम्लात पूर्णपणे उतरल्यास संहती शंभरपट होते व बाधक लवणे मागे राहिल्यामुळे आणवीय शोषण वर्णपटमापकाने मापन सुकर होते.

पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्या लागतात. ह्यूमिक द्रव्यांशी घट्ट बांधलेला किंवा कलिल कणांत दडलेला धातू रेझीन पकडू शकत नाही. म्हणून एकूण धातूचा हिशेब हवा असल्यास नमुन्यातील हे बंध अम्लाने अथवा जंबुपार प्रकाशाने आधी तोडावे लागतात. याहून मोठा धोका अशुद्धीचा. सागरजलातील शिशाचे पूर्वीचे अनेक आकडे प्रत्यक्षाहून फार चढे होते व तो चढ नमुना घेताना आणि हाताळताना शिरलेल्या शिशाचा होता, हे क्लेअर पॅटरसन यांच्या कार्यातून उघड झाले. बाटली, अम्ल, रेझीन व हवेतील धूळ यांतून येणारा धातू नमुन्यातील धातूपेक्षा अधिक भरू शकतो. यास्तव प्रत्येक नमुनामालिकेबरोबर सर्व विक्रियाकारकांची कोरी चाचणी करणे अनिवार्य आहे, आणि जिच्यासोबत या चाचणीचा आकडा नोंदलेला नाही अशी लेश धातूंची मोजदाद प्रमाण मानता येत नाही.