राखणीचा इतिहास : वाडी, बारी आणि कोंडवाडा

वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडात फळबागेच्या राखणदाराची एक कैफियत आली आहे. सीतेचा शोध लावून परतणारे वानर अंगदाच्या नेतृत्वाखाली सुग्रीवाच्या मधुवनात शिरतात, मध पितात, फळे खातात, झाडे मोडतात. त्या वनाचा रक्षक दधिमुख हा सुग्रीवाचा मामा. तो आधी समजावून पाहतो, मग धाक घालतो आणि शेवटी मार खाऊन राजाकडे धाव घेतो. सुग्रीव मात्र तक्रार ऐकून प्रसन्न होतो. कार्य सिद्धीस गेल्याशिवाय वानर एवढे धाडस करणार नाहीत, हे तो ताडतो आणि त्यांचा अपराध पोटात घालतो. दधिमुखाच्या नुकसानीचा हिशेब कोणीच विचारीत नाही. कालिदासाने रघुवंशात उसाच्या सावलीत बसून साळीची राखण करणाऱ्या स्त्रियांच्या मुखी गाणे घातले खरे. पण तेही रघूच्या कीर्तीचे. राखणदाराचे स्वतःचे गाऱ्हाणे वाङ्मयात असे नेहमीच कडेला राहिले आहे.

ते गाऱ्हाणे ऐकायचे तर ग्रंथांबरोबर गावाच्या व्यवस्थेकडे पाहावे लागते. त्यासाठी भिलाई-३ या वस्तीचा परिसर उपयोगी पडतो. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर, दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान, चरोद्याला लागून ही वस्ती आहे. मराठी वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत याने रतनपूरवर स्वारी केली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्याने तेथे राहून कारभार पाहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. मराठीत जिला आमराई म्हणतात ती येथे ‘अमरइया’ होते. घरामागचे परसू येथे ‘बारी’ म्हणून ओळखले जाते, तर तिला काटेरी कुंपण घालणे म्हणजे ‘रूंधना’.

फळझाड आणि जमिनीचा हक्क यांचे नाते जवळचे आहे. कोयीपासून वाढवलेला आंबा फळाला यायला सहा ते दहा वर्षे घेतो. तेवढा काळ जमीन आपल्याकडे राहील असा भरवसा असेल तोच झाड लावतो आणि राखतो. छत्तीसगडातील ‘लाखाबटा’ या प्रथेची नोंद एकोणिसाव्या शतकातील जमाबंदी अधिकाऱ्यांनी केली आहे. गावातील शेते अधूनमधून पुन्हा वाटायची, म्हणजे बरी-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला सारखी यावी, असा तिचा हेतू होता. न्यायाच्या दृष्टीने ही रीत चांगली. परंतु शेतात दीर्घायुषी झाड लावण्याला ती पोषक नव्हती. म्हणून फळझाडे तळ्याच्या पाळीवर, गौंटियाच्या अमरइयात आणि घराला चिकटलेल्या बारीत एकवटली असावीत, असे अनुमान करता येते.

झाडाला चोर केवळ चार पायांचेच असतात असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. ही झाडे लोकांनी वर्षानुवर्षे लेकरासारखी वाढवलेली असतात, असे कारण ते देतात. झाड जीर्ण झालेले असेल तरच, धन्याला राजी करून व मोल देऊन, ते घेण्याची मुभा आहे. येथे सत्ता स्वतःलाच कुंपण घालून घेते. राखणीच्या इतिहासात हे कलम महत्त्वाचे आहे. कारण वानराला हाकता येते, राजाच्या माणसाला हाकता येत नाही.

भिलाईच्या परिसरात मात्र बारीचा नित्याचा शत्रू वानर नव्हे, गुरे-शेळ्या हा होता. भात हे पावसाळी पीक. ते निघाले की जनावरे मोकळी सोडायची आणि पेरणीच्या वेळी पुन्हा आवरायची, हा जुना परिपाठ. मोकळ्या चराईचे हे महिने कोवळ्या रोपाला सर्वांत घातक. शेळीने एकदा शेंडा खुडला की झाड दोन वर्षे मागे जाते. म्हणून बारीभोवती बोराटी-बाभळीच्या काट्या रोवत आणि गुरे तोंड लावीत नाहीत अशा बेशरमीचे कूड घालीत. पण खरी भिस्त काट्यांवर नसून गावाच्या ठरावावर असे. पेरणीच्या तोंडावर गाव जमून जनावरे बांधण्याचे ठरवी, गुराख्याला त्याचे मोल देई. या रिवाजाला ‘रोका-छेका’ म्हणतात.

इंग्रजी अमलाने या सामुदायिक शब्दाच्या जागी दंड आणला. १८७१ च्या पशु-अतिक्रमण कायद्याने पिकात शिरलेले जनावर धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचविण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला. मालकाने दंड भरून ते सोडवून न्यायचे. कायदा न्याय्य होता, तरी त्याने शेजाऱ्यांमधील समजुतीचे रूपांतर फिर्यादीत केले. दंड सरकारकडे जाई आणि खुडलेले रोप मात्र खुडलेलेच राही.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कारखाना आणि रेल्वे यांच्यामुळे देशभरची कुटुंबे येथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. क्वार्टरांच्या परसात आंबा, पेरू, जांभूळ, सीताफळ लावणाऱ्या या मंडळींजवळ झाडे होती, शेजार होता. पण पेरणीचा ठराव करणारे गाव नव्हते. तारेचे कुंपण हा त्या उणिवेचा पर्याय ठरला. २०२० च्या जूनमध्ये राज्य सरकारने ‘रोका-छेका’ या जुन्या नावानेच मोहीम काढली. ‘नरवा, गरुवा, घुरुवा, बारी’ या योजनेतही गाईगुरे आणि बारी एकत्र होती. २०२३ च्या अखेरीस सरकार बदलले. योजना येतात-जातात, परंतु रिवाज पुन्हा बसवायला सरकारी फर्मान लागावे, यातच तो किती विरला होता हे दिसते.

जंगली प्राण्यांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यांच्या वतीने ठरावाला बसणारा मालक नाही. कोकणात माडावर चढणाऱ्या उंदरांसाठी खोडाभोवती गुळगुळीत पत्रा ठोकतात. नख रुतत नाही म्हणून उंदीर घसरतो. पण शेजारच्या झाडाची झावळी टेकलेली असेल तर तो उपाय वाया जातो. वानरांपुढे पत्रा आणि गोफण दोन्ही अपुरी पडतात. १९७८ साली भारताने माकडांची निर्यात थांबविली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट रद्द झाले.

वटवाघळाच्या बाबतीत ‘चोर’ हा शब्द विशेष तपासून घ्यावा लागतो. मोहाच्या फुलांवर ती रात्री येतात, परागीभवन करतात. फळे दूर नेऊन बिया टाकतात. छत्तीसगडात पहाटे मोहफुले वेचणारी स्त्री ज्या झाडाखाली उभी असते, त्याच्या उगवण्यात या ‘चोरा’चा हात असू शकतो. मॉरिशस बेटावर लीची आणि आंबा वाचविण्यासाठी २०१५ पासून सरकारने हजारो वटवाघळे मारली. २०१८ साली ती जात जागतिक यादीत संकटग्रस्त ठरली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने दुसरा मार्ग घेतला. तेथे २०२१ पासून घरगुती फळझाडावरील जाळीचे छिद्र ताणल्यावरही पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असू नये असा नियम आहे, जेणेकरून फळ वाचेल आणि प्राणी अडकून मरणार नाही.

या साऱ्या उपायांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे : राखणीचा खर्च कोणी सोसायचा? गावाने सोसला तेव्हा त्याचे नाव रिवाज होते, राज्याने सोसला तेव्हा कायदा. आज तो बहुधा एकट्या झाडवाल्याच्या अंगावर पडतो, म्हणून त्याच्या हातात दगड येतो आणि पुष्कळ वेळा तो झाड लावणेच सोडून देतो. सुग्रीवाने वानरांना क्षमा केली हे शोभण्यासारखेच झाले. पण दधिमुखाच्या उजाड मधुवनाची भरपाई राजकोशातून व्हावयास हवी होती.