एक विवर्धक गणिताचा, एक वाटेचा

ध्वनिव्यवस्थेविषयी बोलताना लाइन ड्रायव्हर व ऑपरेशनल अँप्लिफायर, अर्थात ऑप-अँप, ही एकाच वस्तूची दोन नावे समजली जातात. समजूत अगदीच निराधार नाही. आजच्या पुष्कळ लाइन ड्रायव्हरांच्या पोटात ऑप-अँपच असतो. मात्र दोघांचे कूळ निराळे आहे.

लाइन ड्रायव्हरचे कूळ टेलिफोनचे. आवाज मैलोगणती तारेतून जाताना क्षीण होई, आणि वाटेतले विवर्धक त्यात विकृतीची भर घालीत. बेल प्रयोगशाळेचे हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली हडसन नदी ओलांडताना बोटीवर यावर तोड सुचली: बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत द्यावा. हाच ऋण फीडबॅक. ध्वनिपातळीचे १९३९ चे अमेरिकी प्रमाणही टेलिफोनच्या सवयीतलेच: ६०० ओहम रोधात १ मिलिवॉट, म्हणजे ०.७७५ व्होल्ट.

ऑप-अँपने फीडबॅक उचलला, पण वेगळ्या कामासाठी. १९४७ साली रॅगाझिनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे रूढ झालेल्या या नावातील ‘ऑपरेशन’ म्हणजे बेरीज, संकलन यांसारख्या गणितक्रिया. उत्तर व्होल्टांत मिळाले की काम झाले. लांब तार हाकणे त्याच्याकडून अपेक्षित नव्हते. फेअरचाइल्डच्या १९६८ च्या ७४१ चा वेग मायक्रोसेकंदाला सुमारे अर्धा व्होल्ट. २० किलोहर्ट्झचा, १० व्होल्ट शिखराचा स्वर त्यातून निर्मळ निघण्यास सव्वा व्होल्टाहून अधिक वेग हवा.

खरा पेच केबलचा आहे. शंभर मीटर आवरणयुक्त केबलमध्ये साधारण १०,००० पिकोफॅरड धारिता साठते. तिच्यामुळे संकेत मागे रेंगाळतो, उलटा यायचा फीडबॅक सुलटा होऊ लागतो आणि विवर्धक आपणहून थरथरू लागतो. कानाला ही थरथर ऐकू येत नाही. आवाज मात्र गढुळतो. उपाय क्षुल्लक वाटेल: बाहेर पडण्याच्या वाटेवर काही दशक ओहमांचा रोध. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिग्नेटिक्सचा ५५३४ आला व ६०० ओहमचा भार ऑप-अँपलाही पेलू लागला.

वक्ता क्षणभर थांबला की कर्ण्यातून उठणारी भणभण आपल्या मंडळांना परिचित आहेच. तिच्यावर तोड म्हणून लाइन ड्रायव्हर एकच संकेत दोन तारांवर परस्परविरुद्ध धाडतो. वाटेतली विजेची गुणगुण दोन्हींवर सारखीच चढते, आणि पलीकडे वजाबाकी होताच ती उडते. हे काम पूर्वी जड, महाग ट्रान्सफॉर्मर करीत. आमच्या मते त्यांची सद्दी पुरती संपलेली नाही; दोन टोकांच्या जमिनी ते ज्या रीतीने अलग ठेवतात, तसे अलगपण साध्या चिपला साधत नाही.