आधी रेघ की आधी रंग?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी माझ्या मुलीची रंगपेटी कपाटावर ठेवून दिली. मुलगी तिसरीत आहे. तिच्या चित्रातली घरे कललेली, माणसांचे हात गुडघ्यांपर्यंत पोचलेले, आणि रंग मात्र पानभर सांडलेले. "आधी पेन्सिलीने नीट काढायला शीक, मग रंग," असे मी तिला बजावले. हे वाक्य माझे नव्हे. शाळेत असताना चित्रकलेच्या तासाला मी ते इतक्यांदा ऐकले होते की, बाप झाल्यावर ते आपोआप तोंडून निघाले. मुलीने आठ दिवस पेले, डबे आणि ठोकळे काढले. नवव्या दिवशी वही मिटली आणि म्हणाली, "बाबा, मला चित्रच नाही काढायचं."

मी इतिहासाचा अध्यापक. माझी स्वतःची चित्रकला एलिमेंटरीच्या परीक्षेपाशी थांबली. तेव्हा या बाबतीत उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण एखादा नियम आपण डोळे मिटून पाळतो आहोत असे वाटले की तो आला कोठून हे पाहायचे, एवढी खोड मात्र माझ्या विषयाने मला लावली आहे. 'आधी रेघ, मग रंग' हा नियम कोणी घातला? आणि का घातला? वाचकहो, शोधता शोधता जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराजवळून करू या. सुमारे १४०० साली चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने आपल्या धंद्यातल्या खाचाखोचा सांगणारे एक पुस्तक लिहिले. शिकाऊ मुलाने कसे शिकावे याचा त्यात अगदी तपशीलवार हिशेब आहे. वीतभर लांबीरुंदीची एक लाकडी पाटी घ्यावी. कोंबडीची हाडे जाळून त्यांची पूड करावी, ती थुंकीत कालवून पाटीवर चोळावी, आणि चांदीच्या टोकाच्या लेखणीने तिच्यावर रेखाटन करावे. असे एक वर्ष. मग गुरूच्या कारखान्यात सहा वर्षे रंग घोटणे, सरस शिजवणे, फळ्यांना अस्तर देणे. त्यापुढे आणखी सहा वर्षे प्रत्यक्ष रंगकाम आणि भिंतीवरचे काम. एकूण तेरा वर्षे झाली. आणि या सगळ्या वर्षांत, सणवार असो की कामाचा दिवस असो, रेखाटनात खंड पडता कामा नये, असे तो बजावतो. हा तेरा वर्षांचा हिशेब लक्षात ठेवा. आपल्याला शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

रेघेवर एवढा जोर का? त्याचे कारण चुन्याच्या गिलाव्यात आहे. त्या काळातली मोठी कामे भिंतीवर होत आणि तीही ओल्या गिलाव्यावर. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, दगडासारखा घट्ट होतो आणि रंग आपल्या पोटात धरून ठेवतो. म्हणून चित्रकाराने एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा आणि तो ओला आहे तोवर पुरा करायचा. चुकले तर खोडायची सोय नाही. गिलावा खरवडून काढायचा आणि पुन्हा लिंपायचा. अशा कामात कोणाचा हात कोठे येणार हे कुंचला उचलण्यापूर्वीच ठरलेले हवे. त्यासाठी खालच्या थरावर तांबड्या मातीने आराखडा काढून ठेवीत. काळ्या समुद्राकाठच्या सिनोप गावावरून त्या मातीला आणि त्या आराखड्यालाही 'सिनोपिया' म्हणत.

हे आराखडे चित्राखाली गाडले जात, आणि पुष्कळसे कोणाच्या दृष्टीला पडले नाहीत. मग १९४४ च्या जुलै महिन्यात, महायुद्धाच्या धामधुमीत, पिसा शहरातल्या जुन्या दफनभूमीच्या छपरावर तोफगोळा पडला, आग लागली, आणि तिथल्या भित्तिचित्रांची अपरिमित हानी झाली. उरलेली चित्रे वाचवण्यासाठी ती भिंतीपासून सोडवावी लागली, तेव्हा खालची तांबडी रेखाटने वर आली. पिसामध्ये आता त्यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. ते १९७९ साली उघडले. तात्पर्य, फ्लॉरेन्सच्या परिसरातली रेघ ही आधी भिंतीची गरज होती. तिचे तत्त्वज्ञान मागून आले.

आता व्हेनिसला जाऊ. खाऱ्या पाण्यात उभे असलेले हे शहर. तिथल्या दमट हवेत भित्तिचित्रे टिकत नसत. म्हणून तिथले चित्रकार कॅनव्हास आणि तैलरंग यांच्याकडे वळले. तैलरंगाचा स्वभाव निराळा. तो सावकाश वाळतो. त्यावर पुन्हा रंगवता येते, पुसता येते, मत बदलता येते. जोर्जोने हा चित्रकार कागदावर आधी रेखाटने न करता सरळ रंगाने काम सुरू करतो, अशी तक्रार फ्लॉरेन्सच्या जोर्जो वासारीने नोंदवून ठेवली आहे. हा वासारी स्वतः चित्रकार, आणि कलावंतांच्या चरित्रांचा लेखक. त्याचा ग्रंथ १५५० साली निघाला आणि वाढवलेली आवृत्ती १५६८ साली.

याच ग्रंथात एक प्रसंग आहे. टिशियन हा व्हेनिसचा श्रेष्ठ चित्रकार रोममध्ये आला असताना वासारी आणि मायकेलँजेलो त्याच्या भेटीला गेले. त्याने नुकतेच रंगवलेले डॅनाईचे चित्र पाहून दोघांनी तोंडभर स्तुती केली. बाहेर पडल्यावर मात्र मायकेलँजेलो म्हणाला की, याचा रंग आणि याची धाटणी फार आवडली. पण व्हेनिसमध्ये सुरुवातीपासून नीट रेखाटन शिकवत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. निदान वासारी तरी असे सांगतो. आणि वासारी होता फ्लॉरेन्सच्या पक्षाचा, हे विसरून चालणार नाही.

उलट टिशियन उतारवयात कसा काम करी, त्याचेही वर्णन त्याच्या एका तरुण सहकाऱ्याच्या तोंडून आपल्यापर्यंत आले आहे. तो आधी रंगाचे मोठे ढीग कॅनव्हासवर मांडी आणि मग चित्राचे तोंड भिंतीकडे करून महिनोन्‌महिने ते तसेच ठेवी. पुढे कधीतरी ते वळवून, शत्रूकडे पाहावे तशा कठोर नजरेने त्यातले दोष शोधी. अखेरचा हात तर कुंचल्यापेक्षा बोटांनीच फिरवी. अशा माणसाला 'आधी रेघ पुरी कर' असे कोण सांगणार?

पण इथे गंमत आहे. विसाव्या शतकात क्ष-किरण आणि अवरक्त किरण यांच्या साहाय्याने या चित्रांच्या पोटात डोकावता येऊ लागले. जोर्जोनेच्या 'वादळ' या प्रसिद्ध चित्रात डाव्या बाजूला जिथे आज एक तरुण उभा दिसतो, तिथे आधी एक विवस्त्र स्त्री बसलेली होती, हे १९३९ मध्ये आढळले. म्हणजे रंगवता रंगवता त्याने बेत बदलला. वासारीचे म्हणणे एवढ्यापुरते खरे. परंतु याच व्हेनिसकरांच्या कित्येक चित्रांत रंगाखाली कुंचल्याने काढलेल्या रेघाही सापडल्या. रेघ त्यांनी टाकली नव्हती. कागदावरून उचलून ती कॅनव्हासवर आणली होती, आणि मधूनच ती बदलण्याची मोकळीक ठेवली होती.

मग या साध्या कामाच्या सोयीचा कडक नियम झाला तो शाळांमुळे. १५६३ साली फ्लॉरेन्समध्ये वासारीच्याच खटपटीने कलावंतांची अकादमी निघाली. तिच्या नावातच 'रेखाटन' हा शब्द होता. १६४८ मध्ये पॅरिसला राजाश्रयाने अकादमी स्थापन झाली. तिथे विद्यार्थ्याने आधी छापील चित्रांवरून, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि मग जिवंत माणसावरून रेखाटन करायचे. रंगकाम? ते शाळेत शिकवतच नसत! ते ज्याने त्याने एखाद्या चित्रकाराच्या चित्रशाळेत जाऊन शिकावे. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत रंगकामाचे वर्ग यायला १८६३ साल उजाडावे लागले.

आता आपल्या घराकडे येऊ. जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८५७ च्या मार्चमध्ये मुंबईला त्यांच्या नावाच्या कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. त्या वेळी विलायतेत, दक्षिण केन्सिंग्टनमध्ये, कलाशिक्षणाची तेवीस पायऱ्यांची एक पद्धत रूढ झाली होती. तिची पहिली पायरी उपकरणे घेऊन रेघा आखण्याची होती, आणि पहिल्या दहा पायऱ्या रेखाटनाच्या. रंग त्यानंतर. हेतू उघड होता: कारखान्यांसाठी नक्षीकाम करणारे शिस्तीचे हात तयार करणे. तेच वळण आपल्याकडेही आले. आपण आजही ज्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलांना बसवतो, त्यांतल्या भूमितीच्या कागदात त्या वळणाची खूण अजून दिसते. ही पद्धत वाईट होती असे मी म्हणत नाही. तिने महाराष्ट्राला निष्णात चित्रकार दिले. पण ती कारागीर घडवण्यासाठी होती, आठ वर्षांच्या मुलांसाठी नव्हे.

याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. ग्रीक पुतळ्यांवर हात बसवलेली ही मुले आपल्याच भिंतींपुढे बसली तेव्हा त्यांना काय दिसले असेल? अजिंठ्याच्या चित्रकाराने गिलाव्यावर आधी गेरूने रेघ काढली, मग रंग भरले, आणि शेवटी गडद रंगाने पुन्हा रेघ ओढली. म्हणजे रेघ आधीही आणि शेवटीही! छतासारख्या अवघड जागीसुद्धा कुंचल्याच्या एका ओढीत काढलेल्या त्या लांब वळणांची ग्रिफिथ्सनी वाखाणणी केली आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रानेही आचार्य रेघेची वाहवा करतात, जाणकार छायेची आणि इतर लोक रंगांच्या श्रीमंतीची, अशी वाटणी करून ठेवली आहे. चित्र पाहणाऱ्यांची ही वाटणी झाली. ज्याचे शिक्षण चालू आहे त्याने एक संपवून दुसरे घ्यावे, असे त्यात कोठे म्हटलेले नाही.

आता चेन्नीनीचा हिशेब पुन्हा काढा. तेरा वर्षांतले फक्त एक वर्ष निव्वळ रेघेचे. उरलेली बारा वर्षे रेघ आणि रंग यांचा संसार एकत्र. रेघेचा एवढा कडवा पुरस्कर्ता, पण 'आधी' या शब्दाचा अर्थ त्याने 'पुरती संपवून' असा केला नाही. तो आपण केला. ज्याला चित्रकलेवर पोट भरायचे आहे, त्याने रोज रेखाटन केलेच पाहिजे. पण रेघ सुधारेपर्यंत रंगाला शिवायचे नाही, हा नियम ना भिंतीचा, ना कॅनव्हासचा. तो परीक्षेचा आहे.

रंगपेटी मी खाली काढून दिली. निळी वडी वाळून तडकली होती. मुलीने पहिले काही दिवस पेटीकडे पाहिलेही नाही, आणि ते मला लागले. मग एका रविवारी तिने बैलगाडी रंगवायला घेतली. थोड्या वेळाने माझ्याकडे येऊन विचारू लागली, "बाबा, बैलाचा मागचा पाय कसा वळतो हो?" मलाही सांगता येईना. आम्ही दोघे खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर बसलेल्या गाईपाशी गेलो. जाताना पेन्सिल तिने आपणहून बरोबर घेतली होती.

आपल्याही घरी एखादी रंगपेटी कपाटावर असेल, तर आज ती खाली काढावी, एवढीच विनंती.