बालाघाटातील मुलांचा ताबा

मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे मुलूख तोडून 1867 मध्ये वैनगंगेकाठच्या बुऱ्हा या गावी बालाघाट जिल्ह्याचे ठाणे बसले, तेव्हा तेथील पुष्कळ शेतकरी व कष्टकरी जातींत नवराबायकोची फारकत ही काही अश्रुतपूर्व गोष्ट नव्हती. पंच बसत, दंड आणि जातजेवण ठरे, सोडचिठ्ठी होई, आणि मूल बापाच्या कुळाचे हे गृहीतच असल्याने अंगावर पिणारे तान्हे तेवढे आईच्या ओटीत राही. इंग्रज अमलाने यास हात लावला नाही. विवाह व पालकत्व यांच्या कज्ज्यांत हिंदूंस हिंदू धर्मशास्त्र, मुसलमानांस शरियत, आणि रूढी शाबीत झाल्यास रूढीच प्रमाण, असे 1875 च्या मध्यप्रांत कायद्याने ठरविले. म्हणजे पंचांचा न्याय आता कचेरीत साक्षीपुराव्याने मांडावा लागला, इतकेच.

खरी उलथापालथ 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने केली. अज्ञानाचे वय, लिंग व धर्म, पालकाची लायकी, आणि समज आलेली असल्यास खुद्द मुलाची इच्छा, हे पाहून त्याचे हित ठरवावे, असे त्याचे 17 वे कलम सांगते. परंतु लगेच 19 वे कलम हयात बाप नालायक ठरल्यावाचून दुसरा पालक नेमू देत नसे, त्यामुळे आईच्या वकिलाची निम्मी शक्ती बापाची निंदा करण्यातच खर्ची पडे. सरस्वतीबाई वेद यांच्या दाव्यात 1940 च्या सुमारास मुंबई हायकोर्टाने मुलाचे हित बापाच्या हक्काहून वरचढ मानले. पण बालाघाटची अपिले 1936 पासून नागपूर हायकोर्टात जात, तेव्हा मुंबईचा निकाल येथे दाखला म्हणून वाचून दाखविता येई, बंधनकारक म्हणून नव्हे.

25 ऑगस्ट 1956 रोजी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा संमत झाला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी राहावे असे त्यात आले, बापाचा पहिला मान मात्र कायम राहिला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, 1 नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि येथील मराठी पक्षकारास नागपूरऐवजी जबलपूरची वाट धरावी लागली.

बैहर तहसिलीतील गोंड व बैगा या अनुसूचित जमातींना मात्र 1956 चा पालकत्व कायदा, आणि 1955 चा हिंदू विवाह कायदाही, केंद्र सरकारच्या अधिसूचनेवाचून लागू नाही. त्यांच्या लेकरांचा प्रश्न आजही आधी जातीच्या पंचांपुढेच येतो, आणि तेथे न मिटल्यास 1890 च्या त्याच जुन्या कायद्याखाली न्यायालयात दरखास्त दाखल होते.