आरिया नावाच्या दोन गाड्या

मोरोपंत वाचलेल्या आमच्या कानांना 'आरिया' म्हणताच आर्याच ऐकू यावयाची! नाव मात्र इटालियन, अर्थ हवा. 2000 साली टेल्कोने ते ज्या मोटारीला दिले, तिला ते शोभतही होते. दोनच माणसांची, बिनछपराची, डौलदार गाडी. पिंपरीच्या कारखान्याची पहिली लहान मोटार इंडिका 1998 च्या अखेरीस बाजारात आलेली. तिला जेमतेम वर्ष होते न होते तोच ही उडी! पाठोपाठ 2001 साली हिची छप्पर असलेली बहीणही जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली. ह्या धाडसाचे मला आजही कौतुक वाटते.

विक्रीस मात्र दोघींपैकी एकही आली नाही. गाडी गेली, नाव तेवढे उरले. 2010 साली ते मिळाले एका थोराड कुटुंबवत्सल मोटारीला. आजी-आजोबांसह सातजण आरामात बसावेत अशी ती ऐसपैस. पण हवा कुठली, खिडकीतून येईल तेवढीच! तीही फारशी खपली नाही. मग तिच्याच सांगाड्यावर नवा साज चढवून 2017 च्या जानेवारीत ती 'हेक्सा' म्हणून आली. ह्या खेपेस गाडी उरली, नाव गेले.

मला विचाराल, तर 'आरिया' त्या बिनछपरीचीच.