शिडाच्या जहाजांवरील धातूंची निवड : 'अलार्म'च्या खिळ्यांनी दिलेला धडा

प्रस्तावना

शिडाच्या जहाजांचा इतिहास लिहिताना लाकूड, वारा आणि दर्यावर्दी यांची दखल विस्ताराने घेतली जाते. त्या मानाने फळ्या एकत्र धरून ठेवणारे खिळे व बोल्ट, सुकाणूच्या बिजागऱ्या आणि डोलकाठीच्या दोरांचा ताण जहाजाच्या बाजूंवर पेलणाऱ्या धातूच्या पट्ट्या उपेक्षित राहतात. झिजलेला भाग काढल्यावर त्या जागी कोणत्या धातूचा भाग बसवावा, हा प्रश्न वरकरणी केवळ कारागिराचा वाटतो. वस्तुतः त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत खलाशांना प्राणांनी मोजावी लागू शकते. प्रस्तुत लेखात मुख्यतः 18व्या शतकातील ब्रिटिश नौदलाच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

'अलार्म'वरील प्रयोग

उष्ण कटिबंधातील समुद्रात लाकूड पोखरणारे कृमी जहाजाचा तळ अल्पावधीत निकामी करीत. त्यावर उपाय म्हणून 1761 मध्ये 'अलार्म' या 32 तोफांच्या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे मढविण्यात आले. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर तिची तपासणी झाली, तेव्हा लाकूड कृमींपासून सुरक्षित राहिल्याचे आढळले. मात्र पत्रे अनेक ठिकाणी सुटले होते, कारण ते ठोकण्यासाठी वापरलेले लोखंडी खिळे गंजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो न काढताच ते ठोकले गेले होते. जेथे हा कागद खिळ्याचे डोके व तांबे यांच्यामध्ये टिकून राहिला, तेथे लोखंडही टिकले. समुद्राच्या पाण्यात लोखंडाचा तांब्याशी थेट संपर्क येऊ देऊ नये, असा स्पष्ट निष्कर्ष 1763 च्या अहवालात नोंदविण्यात आला.

हा निष्कर्ष निव्वळ निरीक्षणातून निघाला होता, हे लक्षणीय आहे. गॅल्व्हानीचा प्रबंध 1791 मध्ये आणि व्होल्टाचा विद्युतघट 1800 मध्ये पुढे आला. आज आपण जाणतो की, खारे पाणी, तांबे व लोखंड मिळून एक विद्युतघटच तयार होतो आणि त्यात लोखंड विरघळते. तांब्याचा पृष्ठभाग मोठा आणि खिळ्याचा लहान असल्याने सर्व क्षरण त्या लहानशा खिळ्यावर एकवटते.

ज्ञात धोका आणि युद्धाची निकड

फ्रान्स व स्पेन अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात उतरल्यावर ब्रिटिश नौदलाला वेगवान आणि दीर्घकाळ समुद्रात राहू शकणाऱ्या जहाजांची निकड भासली. नौदल मंडळाचे प्रमुख चार्ल्स मिडल्टन यांच्या पुढाकाराने 1779 पासून संपूर्ण आरमार तांब्याने मढविण्याचे काम हाती घेण्यात आले. 'अलार्म'चा धडा विसरला गेला नव्हता; परंतु प्रत्येक जहाजातील लोखंडी बोल्ट बदलणे खर्चिक व वेळखाऊ होते. म्हणून पत्रा व बोल्ट यांच्यामध्ये कागद आणि लेप यांचा थर देण्यावर भिस्त ठेवण्यात आली. हा थर फाटल्यावर पत्र्याआड दडलेले बोल्ट कोणाच्याही नकळत झिजू लागले.

29 ऑगस्ट 1782 रोजी स्पिटहेड येथे 'रॉयल जॉर्ज' बुडून शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेचे कारण वादग्रस्त असून ती केवळ बोल्टांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अटलांटिकमधील वादळात 'रॅमिलीज' व 'सेंटॉर' यांसारखी मोठी जहाजे गमावल्यानंतर मात्र तांब्याने मढविलेल्या जहाजांच्या बळकटीविषयीची शंका अधिक गडद झाली. अखेर 1783 मध्ये लोखंडी बोल्टांऐवजी तांब्याचे बोल्ट वापरण्याचे धोरण स्वीकारले गेले. शुद्ध तांबे मऊ असते. त्यामुळे यांत्रिक प्रक्रियेने ते कठीण करण्याचे तंत्र विकसित झाल्यावरच हा बदल व्यवहार्य ठरला. ज्ञान आणि अंमलबजावणी यांमध्ये 20 वर्षांचे अंतर पडले होते.

मुंबईचे सागवान आणि पुढील प्रयोग

धातूच्या शेजारी दुसरा धातू कोणता, याइतकेच लाकूड कोणते, हेही महत्त्वाचे असते. ओकमधील आम्ल लोखंडास खाते, तर सागवानातील तेल त्याचे रक्षण करते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांच्या दीर्घायुष्यामागे हेही एक कारण होते. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली आणि 1817 मध्ये जलावतरण झालेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे लहान तुकडे जोडून त्याचे क्षरण रोखले. तांबे वाचले, पण ते विरघळेनासे होताच त्याचा विषारी प्रभावही संपला आणि तळावर शेवाळ व कवचधारी जीव वाढू लागले. उपाय मागे घ्यावा लागला, तरी त्याचे तत्त्व टिकले. आजच्या नौकांच्या तळाशी स्वतः झिजून इतर धातूंना वाचविणारे जस्ताचे ठोकळे हे त्याचेच रूप होय.

पुढे 1832 मध्ये मुंट्झ यांनी सुमारे 60 टक्के तांबे व 40 टक्के जस्त असलेल्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. 1869 च्या 'कटी सार्क'च्या तळावर हाच धातू होता. 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्ड येथे क्रोमियमयुक्त पोलाद तयार केल्यानंतर काळाच्या ओघात डोलकाठीच्या तारा व पट्ट्या स्टेनलेस पोलादाच्या झाल्या. हे पोलाद ऑक्सिजनमुळे बनणाऱ्या पातळ थरावर विसंबून असते. पट्टी डेकमधून आत जाते त्या फटीत खारे पाणी साचून ऑक्सिजन तुटला, की ते दृष्टीआड पोखरले जाते. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत पोलादी स्क्रू बसविल्यास त्याच्याभोवतीचे अॅल्युमिनियम झिजते. म्हणजेच पूर्वीच्या भागापेक्षा मजबूत म्हणून बसविलेला नवा भाग शेजारच्या भागाचा नाश घडवू शकतो.

समारोप

सारांश, कोणताही धातू स्वयमेव चांगला वा वाईट नसतो; त्याची योग्यता शेजारचा धातू, लाकूड, पाणी आणि हवा यांवरून ठरते. 'अलार्म'च्या तपासनिसांनी हे सिद्धांताचा आधार नसतानाही ओळखले होते. उणीव ज्ञानाची नव्हती, तर त्या ज्ञानानुसार खर्च करण्याच्या तयारीची होती. बदली भाग निवडताना केवळ त्या भागाचा नव्हे, तर तो ज्या रचनेत बसणार आहे त्या संपूर्ण रचनेचा विचार व्हावा, हाच या इतिहासाचा बोध आहे.