रविवारची सुट्टी आणि गिरणी कामगारांचा १८८४ चा अर्ज

१/ मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. त्याला तेव्हा मताधिकार नव्हता आणि कायदेमंडळात त्याचा प्रतिनिधी नव्हता. कामगार संघटनेला मान्यता देणारा कायदाही अस्तित्वात नव्हता. अशा माणसांनी सरकारदरबारी आपले म्हणणे कसे मांडले, याचा हा वृत्तान्त. #थ्रेड #इतिहास

२/ गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वीचा हा काळ. काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांच्या पुढे जाई. सुट्टी मिळे ती सणावारी. पगार उशिरा होत असल्याने दरम्यान वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज वाढत राही.

३/ १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला, पण तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, हे त्याचे मुख्य संरक्षण होते. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

४/ येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचा प्रवेश होतो. महात्मा फुले यांचे हे सहकारी सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. काही काळ त्यांनी गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईहून चालवू लागले. गिरणगावाचे गाऱ्हाणे छापील स्वरूपात मांडण्याचे साधन त्यामुळे हाती आले.

५/ १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी नेमकी हेरली. सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा भरल्या, मागण्या ठरल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगापुढे गेला. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’चा आरंभ याच प्रयत्नातून झाला.

६/ मागण्या पाच होत्या.
• आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी.
• दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती.
• काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, एवढेच.
• पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत.
• कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन. कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची तरतूद.

७/ या अर्जाचा संयम ध्यानात घ्यावा. त्याच दशकात अमेरिकेतील कामगार आठ तासांच्या दिवसासाठी लढत होते. मुंबईचा अर्जदार मात्र दिवस सूर्यास्ताला संपावा इतकेच मागत होता. तरीही मोठ्या सुधारणा झाल्या नाहीत आणि १८८१ चा कायदा तसाच राहिला.

८/ या लढ्यात एक अवघड पेचही होता. हिंदी गिरण्यांवर निर्बंध यावेत, असा लँकेशायरच्या कापड उत्पादकांचाही आग्रह होता, कारण मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या व्यापारास जाचत होते. त्यामुळे ‘केसरी’सारख्या राष्ट्रीय पत्रांना कारखाना कायदा हे स्वदेशी उद्योग बुडवण्याचे कारस्थान वाटे. ही शंका निराधार नव्हती. पण लँकेशायरचा हेतू स्वार्थी होता म्हणून परळच्या कामगाराचा थकवा खोटा ठरत नव्हता. लोखंडे यांनी हे दोन प्रश्न वेगळे ठेवले.

९/ २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. साप्ताहिक सुट्टीचा अर्ज या वेळी थेट गिरणीमालकांच्या संघाकडे गेला. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

१०/ त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. त्याच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना कामगारांच्या वतीने सामावून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी आयोगाच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिलेला माणूस आता चौकशीच्या आत होता. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचे बळ दिले, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊवर नेले.

११/ सरकारी टीकाकारांनी या संघटनेला खरी संघटना मानले नाही. तिच्याकडे सभासदांची नोंदवही, निधी वा नियमावली नव्हती. हा आक्षेप खरा होता. या उणिवेमुळे सारा भार एका माणसावर राहिला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले आणि संघटनेचे काम तेथेच खुंटले.

१२/ उरलेल्या मागण्यांचे काय झाले? प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर पहिली मर्यादा आली १९११ च्या कायद्याने, तीही बारा तासांची आणि कापड गिरण्यांपुरती. अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये. वेतन वेळेवर देण्याचे बंधन आले १९३६ च्या कायद्याने. परळच्या सभेपासून हे अंतर बावन्न वर्षांचे. त्या सभेत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या नशिबी ते पाहणे नव्हते.

१३/ पुढे १९२१ पासून ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसले आणि संघटनांना कायदेशीर मान्यता मिळावी यासाठी त्यांनी तेथे आग्रह धरला. १९२६ मध्ये तो कायदा झाला. लोखंडे यांच्याजवळ यातले काहीच नव्हते. त्यांच्या हाती एक वृत्तपत्र होते, सभेसाठी मैदान होते आणि सह्यांचे कागद होते. येत्या रविवारी सकाळी निवांत चहा घेताना त्या ५,५०० सह्यांची आठवण असू द्यावी.

(थ्रेड समाप्त)